ठावठिकाणा कोणाच्या हाती?

जामिनावर सुटणाऱ्या आरोपीने मोबाइलमधील गुगल नकाशावर खूण करून आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्यास उपलब्ध ठेवावा, अशी अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका नायजेरियन नागरिकास घातली होती. ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने ती रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवू देणारी अट घटनेच्या २१व्या कलमाचा भंग करते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. गंमत अशी की, या खुणेने माणसाचा क्षणोक्षणीचा माग लागतच नाही, हे खुद्द गुगलनेच प्रतिज्ञापत्राद्वारे सांगितले होते.

या यंत्राविषयीचे आपले अज्ञान न्यायालयापुरते मर्यादित नाही. आकाशातला उपग्रह आपल्याला न्याहाळत असतो, अशी सुशिक्षितांचीही समजूत आहे. वस्तुतः जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त आपली जागा आणि अचूक वेळ सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश किती अवधीने पोहोचले, यावरून मोबाइल स्वतःच आपले स्थान गणिताने काढतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो. हे सारे चालू असताना तो मोबाइल अस्तित्वात आहे, याचीही उपग्रहाला वार्ता नसते. आपल्या ‘नाविक’ यंत्रणेचेही तेच.

पाळत असते ती जमिनीवर. दूरध्वनी पोहोचवायचा, तर मोबाइल कोणत्या टॉवरच्या टापूत आहे हे कंपनीला ठाऊक असावेच लागते. जीपीएस बंद ठेवल्याने ते थांबत नाही. शिवाय या नोंदी पुसल्याही जात नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने परवान्याच्या अटी बदलून त्या जपण्याची किमान मुदत एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली. म्हणजे आरोपीवर जी पाळत सर्वोच्च न्यायालयाला मान्य नाही, तिची सामग्री कोट्यवधी निरपराध ग्राहकांविषयी आपसूक साठत आहे.

अमेरिकेत पोलिसांनी एका संशयिताच्या १२७ दिवसांच्या अशाच नोंदी मिळवल्या होत्या. त्यासाठी न्यायालयाचे वॉरंट हवे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी दिला. आपल्याकडे मात्र पोलीस अधिकाऱ्याचा लेखी आदेश पुरतो. खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमुखाने सांगितले. पण त्यानंतर २०२३ साली आलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने गुन्ह्यांच्या तपासाला बहुतेक बंधनांतून मोकळे सोडले.

पोलिसांचे हात बांधावेत, असे कोणी म्हणणार नाही. हरवलेले मूल किंवा पळालेला दरोडेखोर याच नोंदींमुळे सापडतो. परंतु झडतीच्या वॉरंटाची पद्धत आपल्या कायद्याला नवी नाही. मग दोन वर्षांच्या हालचालींची झडती घेताना दंडाधिकारी मध्ये का नको? तातडीच्या प्रसंगी माहिती आधी घेऊन चोवीस तासांत त्यांच्यापुढे कारणे मांडण्याची मुभा ठेवता येईल. ज्याच्या नोंदी पाहिल्या, त्यालाही तपास संपल्यावर ते कळवले गेले पाहिजे. आज त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.