डाव्या हाताची रांग



वर्षावास सुरू आहे. आमच्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचन संपले तरी बाया लगेच उठत नाहीत. घरादाराच्या, लेकराबाळांच्या गोष्टी निघतात. याच दिवसांत प्रवेशाच्या याद्या लागत असल्यामुळे सध्या विषय एकच. परवा एका भगिनीने विचारले, “ताई, पोरीचा इंजिनिअरिंगला नंबर लागला. पण कॉलेजवाले म्हणतात, सुरुवातीला शिकवणं नाही, नुसता नव्या मुलांच्या स्वागताचा कार्यक्रम आहे. मग तेवढ्यासाठी आधी कशाला पाठवायची? खोलीचं भाडं अन् खानावळ उगीच वाढायची.”

मागच्या वर्षी हाच प्रश्न आमच्या घरात निघाला होता. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी परभणीहून पुण्याला निघाली होती. घरातली इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिली मुलगी. दाजी म्हणाले, “भाषणं ऐकायला एवढ्या लांब कशाला? वर्ग सुरू झाले की जाईल.” अक्काच्या मनात वेगळीच धास्ती होती. तिथे सगळे इंग्रजीत बोलणार, आईबापांना काही विचारले तर काय सांगायचे? शेवटी मी म्हणाले, “मी जाते पोरीबरोबर.” आम्ही मावशी-भाची रात्रीच्या एस.टी.ने निघालो.

भगिनींनो, हा कार्यक्रम नुसत्या हारतुऱ्यांचा नसतो. तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ साली इंजिनिअरिंगच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी असा तीन आठवड्यांचा कार्यक्रम आखून दिला. पुढे २०१९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्वच महाविद्यालयांसाठी मार्गदर्शिका काढली आणि तिला नाव दिले ‘दीक्षारंभ’. दीक्षा हा शब्द आपल्याला नवा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या वाडवडिलांनी उभे राहून, आपल्या तोंडाने प्रतिज्ञा म्हटल्या. दीक्षा घ्यायला माणसाला स्वतः हजर राहावे लागते. कॉलेजचेही तसेच आहे.

सभागृह गच्च भरले होते. प्राचार्यांचे भाषण झाले. परीक्षा कशा, हजेरी किती लागते, ग्रंथालयाचे कार्ड कुठे मिळते, तक्रार कुणाकडे करायची, असे सगळे सांगितले गेले. भाची वहीत भराभर उतरवून घेत होती. इंग्रजीत सांगितलेले निम्मे मला कळले नाही. पण तिला कळत होते, आणि तेच पाहायला मी आले होते.

दुपारी कागदपत्रांची वेळ झाली. एका कर्मचाऱ्याने माइकवरून पुकारले, “स्कॉलरशिपवाले, कॅटेगरीवाले डाव्या हाताला. फुल फीवाले उजव्या हाताला.” सभागृहात खुर्च्यांचा आवाज झाला. भाची मात्र जागची हलली नाही. सकाळपासून शेजारी बसलेल्या दोन मुलींशी तिची छान ओळख झाली होती. त्या उजवीकडे निघाल्या. ही क्षणभर थांबली आणि त्यांच्या मागोमाग उजवीकडेच जाऊन उभी राहिली.

मी लांबून बघत होते. पहिल्यांदा मला रागच आला. तिच्या पिशवीत जातीचा दाखला होता, जातवैधता प्रमाणपत्र होते, उत्पन्नाचा दाखला होता. तो एक दाखला काढायला दाजींनी तीन दिवसांची मजुरी बुडवली होती. आणि ही फी भरणाऱ्यांच्या रांगेत? भरणार कुठून?

मी तिला बाहेर बोलावले. चहाच्या टपरीवर नेले. बराच वेळ ती ग्लासकडे बघत बसली. मग म्हणाली, “मावशी, पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळेल गं. मग चार वर्षं त्या माझ्याशी तशाच वागतील. पप्पांना सांग ना, कुठून तरी कर्ज काढा म्हणावं.”

माझा राग तिथेच गळून पडला. कारण मी कॉलेजला होते, तेव्हा कुणी आडनाव विचारले की मी ते तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी भाचीला सांगितली.

मग तिला म्हणाले, “पोरी, ही शिष्यवृत्ती कुणी दिली, ठाऊक आहे?” बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांनी १९४२ सालीच सरकारला सविस्तर निवेदन देऊन अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी केली, आणि १९४४ साली मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातींची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणतो ती हीच. ते स्वतः शिकले तेही सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, एलफिन्स्टन कॉलेजातही आणि १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हाही. ज्या रांगेची तुला लाज वाटते, ती बाबासाहेबांनी लावलेली रांग आहे. ती कुणाची भीक नव्हे.

भाची काही बोलली नाही. ग्लास खाली ठेवला, पिशवी उचलली आणि आत गेली. डावीकडे जाऊन उभी राहिली.

तिथे गंमत झाली. ती रांग उजव्या रांगेपेक्षा मोठी निघाली. आदिवासी, भटके-विमुक्त, इतर मागासवर्गीय मुले होतीच. खुल्या वर्गातलीही होती, कारण कमी उत्पन्नाच्या घरांतल्या त्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. फी परवडत नाही, हे दुःख एका जातीचे नाही. लाज मात्र आपल्याच लेकरांच्या वाट्याला यावी, हा कुठला न्याय? रांगेत लातूरची एक मुलगी भेटली. आज त्या दोघी एका खोलीत राहतात.

असे असले तरी भर सभेत मुलांची अशी विभागणी करणे चूकच. मी तिथल्या एका प्राध्यापक बाईंना नम्रपणे म्हणाले, “मॅडम, यादी फलकावर लावा, माइकवरून पुकारू नका.” त्यांनी ऐकून घेतले, वहीत टिपून घेतले. आपण सांगितलेच नाही, तर त्यांना कळणार कसे?

आता कामाच्या चार गोष्टी. सोबत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेशाचे पत्र, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक ठेवा. प्रत्येकाच्या दोन-तीन झेरॉक्स काढा. मूळ कागद दिला तर पोच घ्या. शिष्यवृत्तीचे काम कोण बघते, हे पहिल्याच दिवशी विचारा आणि महाडीबीटीचा अर्ज कॉलेजातूनच समजून घ्या. उत्पन्न मर्यादेच्या वर असेल तर फ्रीशिप आहे. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात ती वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळते. तिचे नियम समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

आणखी एक. रॅगिंग म्हणजे फक्त मारहाण नव्हे. २००९ च्या नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली, आणि जातीवरून छळणे, वेगळे पाडणे हेही रॅगिंगच ठरले. १८००-१८०-५५२२ हा क्रमांक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी ही नावे आपण विसरलेलो नाही. घरी सांगता येत नाही, असे एकही दुःख आपल्या लेकराला एकट्याने सोसू देऊ नका. त्यासाठी आधी आपण त्याच्याशी मोकळे बोलले पाहिजे.

तेव्हा त्या भगिनीला माझे उत्तर असे : पोरीला वेळेवर पाठवा, आणि जमले तर तुम्हीही जा. इंग्रजी येत नसले तरी चालेल. तिला रांगेत ताठ उभी राहिलेली बघायला इंग्रजी लागत नाही.

मागच्या वर्षीचाच शेवट सांगते. वर्ग सुरू झाल्यावर महिनाभराने भाचीचा फोन आला. “मावशी, शेवटच्या फेरीतली मुलं आज आली. एक मुलगी कागद पोटाशी धरून दाराशीच उभी होती. मला सगळं कळलं. मी तिला हाक मारली, म्हटलं, ये, इकडं डावीकडं ये, मी थांबते तुझ्याबरोबर.”

जयभीम.