बसला हात लावू नका!



फेब्रुवारी 2025 मध्ये काय घडलं ते महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या तुम्हाला नव्याने सांगायला नको. 21 तारखेला बेळगाव तालुक्यात भाषेवरून वाद झाला आणि बसच्या वाहकाला मारहाण झाली. त्याच रात्री चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळं फासलं गेलं. दोन्ही प्रकार लाजिरवाणे. राबून खाणाऱ्या माणसावर हात टाकणाऱ्याला कुठल्याच भाषेचा अभिमान सांगण्याचा अधिकार नाही. पण दुसऱ्या दिवशी शिक्षा कुणाला झाली? कोल्हापूरच्या स्टँडवर निपाणीच्या गाडीची वाट बघत बसलेल्या म्हातारीला. चंदगडहून बेळगावला तपासणीला निघालेल्या गरोदर बाईला. बाची, तुरमुरी, उचगावहून शिनोळीला कामावर जाणाऱ्या पोरांना. बस बंद!

त्याआधी 6 डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तेव्हाही हेच. सव्वादोन वर्षांत दोनदा. शिवाय बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की कोगनोळीला नाकेबंदी, 1 नोव्हेंबरचा काळा दिन आला की धाकधूक, आणि कुठे कुणी काही बोललं की तासाभरात स्टँडवर निरोप, "गाडी पुढे जाणार नाही."

सीमाप्रश्न काय आहे, 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आमचं काय झालं, महाजन आयोगाच्या अहवालाने काय केलं, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा कसा पडून आहे, हे सगळं या भागातलं शाळकरी पोरही सांगेल. त्यावर हे पत्रक नाही. सीमा तापली की सगळ्यांत आधी बस बंद करायची, या दोन्ही बाजूंच्या सवयीविरुद्ध हे पत्रक आहे. ही सवय भ्याड आहे, गरिबांच्या मुळावर उठणारी आहे आणि तिच्यामुळे आमच्या गावांत धूर भरतो. शेवटच्या मुद्द्यावर आजवर कुणी बोललं नाही, म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात करतो.

बस थांबली म्हणून माणूस घरी बसत नाही. दवाखाना, परीक्षा, बाजार, नोकरी, मयत, लग्न यांतलं काहीही बस सुरू होईपर्यंत थांबत नाही. मग तो मोटारसायकल काढतो, शेजाऱ्याची मोटार भाड्याने घेतो, नाहीतर वडापच्या जीपला लोंबकळतो. निपाणी ते कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर. पन्नास माणसांना घेऊन एक बस गेली तर 8 लिटर डिझेल जळतं. तीच पन्नास माणसं 25 मोटारसायकलींवरून गेली तर 22 लिटर पेट्रोल लागतं, आणि चौघं-चौघं मोटारीत बसली तर 30 लिटरच्या वर. एका बाजूच्या एका फेरीचा हा हिशेब. दिवसभराच्या फेऱ्या आणि बंदीचे दिवस यांनी त्याला गुणा. हा सगळा धूर कोगनोळी, यमगर्णी, निपाणी, तवंदी घाट आणि संकेश्वरच्या माणसांच्या छातीत जातो. तवंदीच्या चढाला भरलेले ट्रक आधीच काळं ओकत रांगतात. त्यात सहापदरीकरणाच्या कामाची धूळ, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगा. तिथे आणखी शेकडो गाड्या निव्वळ एका आदेशाने रस्त्यावर आणायच्या, याला राज्यकारभार म्हणतात का?

डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 सालीच जाहीर केलं आहे. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची वर्षाची सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असं ती संघटना 2021 पासून सांगते. आपल्या देशाची मर्यादा 40 आहे, आठपट. हवेच्या राष्ट्रीय मर्यादांतही न बसणाऱ्या शहरांसाठी केंद्राने 2019 मध्ये स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात कोल्हापूर आहे. त्याच महामार्गावर दक्षिणेला हुबळी-धारवाड आहे. मधलं बेळगाव त्यात नाही, निपाणीचा तर प्रश्नच नाही. एकाच रस्त्यावर उत्तरेच्या शहराची हवा खराब, दक्षिणेच्या शहराची हवा खराब, आणि मधल्या आमच्या पट्ट्यासाठी त्या कार्यक्रमातला आराखडाही नाही, निधीही नाही. दोन राज्यं आमच्या मालकीसाठी साठ-सत्तर वर्षं भांडताहेत. आमच्या श्वासाची मालकी मात्र दोघांनाही नको आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला नेहमीचा: "प्रवाशांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी बस थांबवावी लागते." हे वाक्य ऐकून ऐकून आमचे कान किटले. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं, तेव्हा बस थांबली आणि एकाही माणसाने तक्रार केली नाही. नदी कुणाचं ऐकत नाही. दगड मारणारी पन्नास-साठ पोरं म्हणजे नदीचा पूर आहे काय? पोलीस कशासाठी असतात? मेळाव्याला निघालेल्या पुढाऱ्यांना अडवायला कोगनोळीच्या नाक्यावर शेकडो पोलीस उभे करता येतात, मग त्यांतले चार निपाणीच्या बसबरोबर का जाऊ शकत नाहीत? महामार्ग बंद होत नाही. ज्यांच्याकडे स्वतःची मोटार आहे त्यांना कुणी थांबवत नाही. बंद होते ती फक्त तिकीट काढून जाणाऱ्याची गाडी. शिवाय बसमधून उतरवलेल्या माणसाला भर रात्री मोटारसायकलवरून सहापदरी कामाच्या वळणरस्त्यांतून जायला लावण्यात कसली सुरक्षा? बसची काच फुटेल म्हणून तुम्ही घाबरता. त्या रस्त्यावर डोकं फुटलं तर त्याची नोंद कुणाच्या नावावर करणार?

दुसरा आक्षेप आमच्यातलेच काही जण छाती पुढे काढून घेतात: "अस्मितेचा प्रश्न पेटलेला असताना तुम्ही धुराचं काय घेऊन बसलात?" या मंडळींना आमचा उलटा सवाल आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर आणि कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड यांना रोज जोडणारं काय आहे? भाषणं? सोयरीक, शाळा, बाजार, दवाखाना, नाटक, ग्रंथालय हे सगळं ज्या धाग्याने जोडलेलं आहे तो धागा म्हणजे ही बस. निपाणीला रेल्वे नाही. चंदगड तालुक्याला जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरच्या पुढे, आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. मराठी मुलूख एक आहे असं म्हणणाऱ्याने हा धागा तोडण्याच्या निर्णयाला टाळ्या वाजवाव्यात, याहून मोठी मूर्खता आम्ही पाहिलेली नाही. आणि पलीकडचे जे कन्नडचा कैवार घेऊन बसवर दगड उचलतात, त्यांनी जरा आत डोकावून पाहावं. त्या बसमध्ये कन्नड बोलणारी माणसंही तेवढ्याच दाटीवाटीने उभी असतात.

रस्ता बंद करणं म्हणजे काय, हे निपाणीला कुणी शिकवू नये. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली याच पुणे-बंगळूर रस्त्यावर तीन आठवड्यांहून जास्त बसले. 6 एप्रिलला गोळीबार झाला, 12 शेतकरी गेले. त्यांनी रस्ता अडवला तो उन्हातान्हात, बायकापोरांसह स्वतः त्याच्यावर बसून, आणि किंमत स्वतःच्या जिवाने मोजली. आजचे बस बंद करणारे कार्यालयातल्या पंख्याखाली बसून आदेश काढतात आणि किंमत दुसऱ्याने मोजायची असते. तो लढा आणि ही बंदी यांची नावं एका दमात घेणाऱ्याला निपाणीत कुणी बसायला पाट देणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत चीड आणणारा: "चार-आठ दिवसांचाच तर प्रश्न असतो." चार-आठ दिवसांत कॉलेजला जाणाऱ्या पोराचा बाप फायनान्सवर मोटारसायकल घेतो. हप्ता सुरू झाला की ती दारात उभी ठेवून पोरगा पुन्हा पास काढत नाही. बंदी उठते, पण तो प्रवासी कायमचा गेलेला असतो. पुढच्या वेळी गाडीत चार माणसं कमी, मग "प्रतिसाद नाही" म्हणून फेरी कमी, मग मुक्कामी गाडी बंद, मग आणखी चार मोटारसायकली. अशीच आमची बससेवा सुकत चालली आहे. कर्नाटकाने 11 जून 2023 पासून महिलांना राज्यात मोफत प्रवास दिला. महाराष्ट्राने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अर्धं तिकीट केलं, आणि पंचाहत्तरीपुढच्यांना त्याआधीच मोफत. दोन्ही निर्णय चांगले, आम्ही मनापासून स्वागत केलं. मग दोघांनी मिळून सीमेवरच्या बाईच्या हातात सवलत ठेवली आणि पायाखालची गाडी काढून घेतली. थांबलेल्या बसमध्ये फुकट बसून ती कुठे पोचणार?

एक मान्य करायला हवं. आमच्या मार्गांवरच्या बऱ्याच गाड्या जुन्या आहेत आणि सुटताना स्टँडभर काळा धूर सोडतात. म्हणूनच आमची मागणी बंदी नको एवढ्यावर थांबत नाही. कोल्हापूर-निपाणी-बेळगाव हा मार्ग विजेच्या बसचा करा. महाराष्ट्राची पहिली विजेवरची एसटी 1 जून 2022 ला पुणे-नगर मार्गावर धावली, 1948 साली पहिली एसटी धावली त्याच मार्गावर. तो मार्ग सुमारे 120 किलोमीटरचा. कोल्हापूर-बेळगाव 110 चा. तिथे जमतं, इथे का जमू नये? शहरांसाठी 10 हजार विजेच्या बसची केंद्राची योजना 2023 मध्ये मंजूर झाली, पण ती तीन लाखांवरच्या लोकसंख्येच्या शहरांना पुढे धरून आखली गेली. बेळगाव 2011 च्या जनगणनेप्रमाणे 4 लाख 88 हजारांचं, ते बसतं. निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगड बसत नाहीत. शहराच्या वेशीआत विजेची बस आणि वेशीबाहेर जुनाट डिझेल, अशी आमची वाटणी.

"वीज तरी कोळशाचीच ना," असं म्हणणारा एक शहाणा प्रत्येक सभेत उठतो. त्याला शांतपणे सांगतो. मोठी बस किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास वीज घेते. कोल्हापूर-बेळगाव जाऊन-येऊन सुमारे 270 युनिट. दहा हजार चौरस फूट छपरावर 100 किलोवॉटचे सौर पॅनेल बसतात आणि ते आपल्याकडे दिवसाला सरासरी 400 युनिट देतात. म्हणजे एका आगाराच्या छपरावर एका बसच्या दीड फेरीची वीज तयार होते. डिझेलला त्याच फेरीचे चार हजारांवर रुपये जातात, विकतची वीज घेतली तरी दोन हजारांच्या आत भागतं. या भागाला विजेचं नवल सांगू नका. 1887 साली गोकाकच्या धबधब्याच्या पाण्यावर गिरणी चालली, तेव्हा देशातल्या बहुतेक शहरांनी विजेचा दिवा पाहिला नव्हता. सौंदत्तीच्या माळावर पवनचक्क्या फिरताहेत. ऊन, वारा, पाणी, उसाची चिपाडं, सगळं आमच्याकडे आहे, आणि बस मात्र आखातातल्या तेलावर आणि पुढाऱ्यांच्या लहरीवर.

"लोकांनी ठरवून काय होतं," असंही काही जण मान टाकून म्हणतात. कोल्हापूरला विचारा. शहरात बसवलेला टोल लोकांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून 2015 च्या अखेरीस घालवला. तेव्हाही हेच ऐकवलं जात होतं, की करार झाला आहे, आता काही होणार नाही.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने एकच ठराव मांडावा: सीमेपलीकडे जाणारी बस ही दवाखाना आणि पाणीपुरवठ्यासारखी अत्यावश्यक सेवा मानावी, तणावाच्या काळात ती पोलीस बंदोबस्तात चालवावी आणि थांबवायचीच वेळ आली तर जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी कारण व परत सुरू होण्याची तारीख स्टँडवर लावावी. उचगावचा ठराव शिनोळीने जसाच्या तसा करावा, कोगनोळीचा कागलने, संकेश्वरचा गडहिंग्लजने. कॉलेजच्या पोरांनी बंदीच्या दिवशी नाक्यावर उभं राहून मोटारसायकली आणि जीपा मोजाव्यात, आणि बस सुरू असलेल्या दिवशीही मोजाव्यात. हे आकडे आमच्याकडे असले की "चार-आठ दिवसांचा प्रश्न" म्हणणाऱ्याला तोंड लपवायला जागा उरणार नाही. आगारांच्या आणि शाळांच्या छपरांची मापं काढून सौर पॅनेलची मागणी ठरावाला जोडावी. चालक-वाहकांना गावाने शब्द द्यावा, की आमच्या हद्दीत तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, आणि तो पाळण्यासाठी पहिल्या आठवड्यात गावातली दहा वडीलधारी माणसं गाडीतून बरोबर जावीत.

ठराव मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही भाषांत लिहा. एक प्रत बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना द्या, एक कोल्हापूरच्या, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.