आईचा आजार मुलांना सांगताना

ब्रिटनच्या युवराज्ञी केट यांनी २२ मार्च २०२४ रोजी आपल्याला कर्करोग झाल्याचे चित्रफितीद्वारे जाहीर केले, तेव्हा त्यांच्या पोटावरील शस्त्रक्रियेला दोन महिने उलटले होते. दरम्यान अफवांना ऊत आला होता. राजवाडा मात्र त्रोटक खुलाशांपलीकडे गेला नाही. या विलंबाचे महत्त्वाचे कारण केट यांनीच सांगितले : दहा, आठ आणि पाच वर्षांच्या तीन मुलांना त्यांच्या वयाला झेपेल अशा रीतीने सारे समजावण्यास वेळ लागला. जग थांबले तरी चालेल, पण मुलांना ही बातमी बाहेरून कळता कामा नये, हा क्रम योग्यच म्हणावा लागेल.

आपण बऱ्या होऊ, असा दिलासाही त्यांनी मुलांना दिला. जानेवारी २०२५ मध्ये आजार ओसरल्याचे त्यांनी जाहीर केल्याने तो शब्द खरा ठरला. पण असे वचन देणे प्रत्येक घराला शक्य नसते. पाच वर्षांच्या मुलाला वेगळेच काही हवे असते. आपल्या हट्टामुळे आई आजारी पडली नाही, तिच्या कुशीत झोपल्याने आजार लागत नाही आणि उद्या शाळेत कोण सोडणार, एवढे त्याला कळले पाहिजे. थोड्या मोठ्या मुलाने 'आई मरणार का?' असे विचारले, तर 'डॉक्टर प्रयत्न करीत आहेत, आम्हाला कळेल ते तुलाही सांगू' एवढेच प्रामाणिक उत्तर उरते.

आपल्याकडे अडचण याच्याही आधीची. निदान प्रथम नातेवाइकांच्या कानी जाते आणि खुद्द रुग्णाची 'साधी गाठ आहे' म्हणून समजूत काढली जाते. तेथे त्याच्या मुलाला कोण सांगणार? त्याची रवानगी मामाकडे होते. मुंबईत तर 'टाटाला नेले' एवढ्यावरूनच शेजारची मुलेही उमजतात. घरचे मूल तेवढे अजाण समजले जाते.

अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांनी २०१८ मध्ये ही चाकोरी मोडली. बारा वर्षांच्या मुलापासून त्यांनी आपला कर्करोग लपवला नाही. त्याने तो समजूतदारपणे स्वीकारला आणि कधी कधी तोच पालक होऊन आपल्याला आठवणी करून देतो, असे त्यांनी लिहिले.

अर्थात, या दोन्ही घरांत निवांतपणाची आणि मदतीची वाण नव्हती. उपचारांसाठी मुंबई गाठणाऱ्या कित्येक आया मुलांना गावीच ठेवून येतात. त्यांना हे सारे फोनवरूनच सांगावे लागते, आणि त्या फोनवर बहुधा फक्त जेवणाची आणि अभ्यासाची चौकशी होते.