मैदानाबाहेर ठेवलेले पुस्तक

ब्राझीलच्या वास्को द गामा क्लबाची कथा आपल्याकडेही कौतुकाने सांगितली जाते. रिओमधल्या पोर्तुगीज स्थलांतरितांनी १८९८ साली नौकानयनासाठी काढलेला हा क्लब. कृष्णवर्णीय आणि कामगार खेळाडूंना घेऊन त्याने १९२३ साली शहराचे फुटबॉल-विजेतेपद मिळवले. दुसऱ्याच वर्षी बड्या क्लबांनी वेगळी संघटना काढून अट घातली : बारा खेळाडू वगळा. अध्यक्षांनी पत्र लिहून नकार दिला. ते पत्र आज क्लबाचा मानबिंदू आहे.

आमचा आक्षेप या कौतुकाला नाही, त्यामागच्या सोयीला आहे. त्याच १९२३ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधार विठ्ठल पालवणकर होते. त्यांचे थोरले बंधू बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले होते. याच बाळूंना पुण्याच्या हिंदू क्लबात चहा मिळे तो बाहेर, मातीच्या भांड्यात. कारण ते जातीने चांभार. १९२० साली कर्णधारपदासाठी विठ्ठलांनाही डावलले गेले, तेव्हा विठ्ठल व शिवराम हे दोघे भाऊ जाहीर निवेदन करून संघाबाहेर पडले. रिओत संस्था खेळाडूंच्या पाठीशी उभी राहिली. येथे खेळाडूंनाच संस्थेसमोर उभे राहावे लागले.

विठ्ठलांनी आपले 'माझे क्रीडा-जीवन' १९४८ साली मराठीत प्रसिद्ध केले. 'बलुतं'च्या तीस वर्षे आधी. दया पवार आमच्याच नगर जिल्ह्याचे. तिसगावात बसून दलित आत्मकथनाचा आरंभ 'बलुतं'पासून सांगताना आम्हांस अभिमान वाटे. त्यात विठ्ठलांचे नाव कधी आले नाही. ते आम्हांस कळले रामचंद्र गुहा यांच्या २००२ च्या इंग्रजी ग्रंथातून, ही आमची शरम.

'ते खेळाडूचे पुस्तक, वाङ्मय नव्हे', असे उत्तर येईल. मग विचारावेसे वाटते : दलित लेखकाने दुःख लिहिले तर ते साहित्य आणि कर्तृत्व लिहिले तर नुसती क्रीडाविषयक नोंद, ही वाटणी कोणी केली? रिओतील बड्या क्लबांनीही खेळाडूंच्या खेळाला दोष दिला नव्हता. त्यांचे व्यवसाय आणि अक्षरज्ञान पुढे केले होते. आपण 'वाङ्मयीन दर्जा' पुढे करतो, तोही पुस्तक न उघडता.

प्राध्यापकांनी ते ग्रंथालयातून शोधून काढावे, वर्गात वाचावे. त्यानंतर नाकारायचे असेल तर खुशाल नाकारावे.