पासपोर्टात जसं, तिकिटावर तसं

रमजानात उमऱ्याला निघालेल्या घरात आधी बॅगा भरतात, मग कागद पाहतात. उलट व्हायला हवं. विमान सुटण्यापूर्वीच कंपनी प्रवाशाचं नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक पुढच्या देशाला कळवते. पासपोर्टाच्या तळाशी प्रत्येकी 44 चिन्हांच्या दोन रोमन ओळी असतात, माहिती त्यांच्याशी जुळावी लागते. 'मोहम्मद'चं तिकिटावर 'मोहद' झालं, तर काउंटरवरच खोळंबा होऊ शकतो. आडनाव नसलेल्या दादी-नानींची तर मोठीच पंचाईत: संयुक्त अरब अमिरातीने 2022 मध्ये पर्यटक व्हिसावरच्या एकेरी नावाच्या प्रवाशांना मनाई केली. त्यांचा दोष काय? एजंटांनी पैसे घेण्याआधी भरलेली माहिती प्रवाशाला मराठीत किंवा उर्दूत वाचून दाखवावी. इफ्तारच्या गडबडीतही पाच मिनिटं निघतात.