गाडी थांबली म्हणजे गिअरबॉक्स गेला असे नव्हे



अक्कलकुवा–मोलगी घाटासारख्या चढावर ऑटोमॅटिक गाडीचे इंजिन चालू राहूनही गाडी अचानक पुढे सरकेनाशी झाली, तर गिअरबॉक्सच बदलावा लागतो, हे मागील पत्रातील मत घाईचे असून ते गाडीमालकाला विनाकारण मोठ्या खर्चात लोटणारे आहे. गिअरबॉक्सचे तेल गळून गेले, निवड-दांड्याची केबल निसटली किंवा पुढच्या चाकाला शक्ती पोहोचवणारा दांडा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, तुटला, तरी लक्षण हेच दिसते. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत एका बाजूचा शाफ्ट तुटला की डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत शक्ती विभागणारी यंत्रणा, सगळी गती त्या तुटक्या बाजूलाच वाया घालवते. ‘पी’ची, म्हणजे पार्किंगची, पकडही याच मार्गाने चाकांपर्यंत पोहोचते; म्हणूनच, केबल शाबूत असताना ‘पी’मध्येही गाडी उतारावर घरंगळू लागली, तर संशय आधी शाफ्टवर घ्यावा. ‘पी’त गाडी पक्की थांबते, पण ‘डी’ (पुढे) व ‘आर’मध्ये (मागे) हलत नाही, तेव्हा मात्र तेलाची पातळी आणि त्याचा जळका वास तपासणे अगत्याचे ठरते. तेलाची ही तपासणी सपाट जागी, चाकांना दगड लावूनच करावी. मोलगीहून अशी गाडी खाली नेताना पुढची चाके उचलूनच ओढावी, कारण इंजिन बंद असता गिअरबॉक्समधील तेलाचा पंप फिरत नाही.

— एक वाचक, मोलगी