कालव्यापलीकडचे शंकरराव

आमच्या परभणी जिल्ह्यात शंकरराव चव्हाणांचे नाव निघाले, की बोलणे जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर येते. साहजिकच आहे, ज्याच्या शेतात पाणी आले तो पाणीच आठवणार. पण विधानसभेतून पुढे आलेले हे नांदेडचे गृहस्थ दिल्लीत संरक्षणमंत्री झाले, दोनदा गृहमंत्री झाले, त्याविषयी आपण बोलत नाही. मला हे मौन खटकते.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली, तेव्हा गृहखाते त्यांच्याकडे होते. केंद्राची दले जवळच होती. तरी सरकार राज्याच्या आश्वासनावर विसंबून राहिले. निर्णय एकट्या शंकररावांचा नव्हता, हे खरे. पण कडक शिस्तीपायी ज्यांना लोक ‘हेडमास्तर’ म्हणत, त्यांनी एवढा विश्वास टाकावा? आपला माणूस म्हणून हा प्रश्न गिळून टाकणे मला मान्य नाही.

मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर, १९९३ साली, व्होरा समिती नेमली गेली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांचे साटेलोटे तिने सरकारी कागदावर आणले. सत्तेत बसून असा कागद होऊ देणे सोपे नव्हे. तो संसदेपुढे यायला मात्र १९९५ साल उजाडावे लागले.